तिसऱ्या वळणावरचे पाच किलोमीटर

बुद्ध सर्किटच्या तिसऱ्या वळणात सारख्याच दोन गाड्या शिरताना पाहिल्या. पहिलीने अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक मारला, टायर किंचाळले. दुसरी मागे पडली. पण पुढचा किलोमीटरभराचा सरळ पट्टा संपता संपता दुसरीच पुढे होती. हे कसं झालं ते जवळून पाहायचं म्हणून ग्रेटर नोएडाच्या ट्रॅक डेला प्रशिक्षकांच्या शेजारी बसले.

हेल्मेट, गाडीची तपासणी, झेंड्यांचे अर्थ सकाळीच उरकलं. "तिसऱ्या वळणातून ताशी पाच किलोमीटर वेग जास्त घेऊन बाहेर पडा, तो पुढे किलोमीटरभर कामाला येतो," प्रशिक्षक म्हणाले.

ट्रॅक 5.125 किलोमीटरचा, वळणं सोळा. पण माझी नजर त्यांच्या उजव्या पायावरून हलेना. ब्रेक आधी जोरात, गाडी सरळ असतानाच. मग स्टिअरिंग जसजसं वळेल तसतसा पाय इतका सावकाश उठायचा, की ब्रेक नेमका कधी सुटला ते कळू नये. प्रत्येक टायर तळहाताएवढाच रस्त्याला टेकलेला असतो. तेवढ्याच पकडीत थांबायचंही आणि वळायचंही. दोन्ही एकदम मागितलं की पुढची चाकं वळायचं सोडून सरळ घसरतात.

तिसरं वळण चढावर आहे. आतली कड लवकर गाठायचा मोह होतो, पण तसं केलं की बाहेर पडताना रस्ता पुरत नाही आणि ऐन वेग घ्यायच्या वेळी ॲक्सिलरेटर सोडावा लागतो. ते डावी कड धरून थांबत, उशिरा वळत, ॲपेक्स, म्हणजे आतल्या कडेला सर्वांत जवळचा बिंदू, वळणाच्या मध्याच्या पुढे गाठत आणि गाडी पुन्हा डाव्या कडेपर्यंत मोकळी सोडत. असा घेर मोठा होतो. तो दुप्पट झाला तर त्याच पकडीत वेग सुमारे 1.4 पट चालतो.

उशिरा ब्रेक मारण्याची फुशारकी पिटलेनमध्ये भरपूर ऐकली. मला ते धाडस वाटत नाही. तापलेल्या ब्रेकपॅडचा करपट वास येत होता तो अशाच एका गाडीचा. प्रशिक्षक पुढच्या फेरीला तिच्यात बसले. परतल्यावर ती गाडी चालवणारा तरुण म्हणाला, "सर, ब्रेक लवकर मारला तरी वेळ कमी लागला!"

"पाच किलोमीटर," ते म्हणाले, आणि त्याला ब्रेक थंड करायला एक संथ फेरी मारायला पाठवलं.