७२० फ्रेमची शाळा

सिनेमाच्या पडद्यावरचा एक सेकंद म्हणजे २४ स्थिर चित्रं. तीस सेकंदांची जाहिरात म्हणजे ७२०. एवढ्याशा जागेत एक माणूस ओळखीचा व्हायला हवा, त्याची अडचण कळायला हवी, ती सुटायला हवी आणि वर साबणाचं नावही लक्षात राहायला हवं! एक फ्रेम वाया घालवायची सोय नाही.

डोंबिवलीचे रवी जाधव याच शाळेतून दिग्दर्शनात आले. मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिक्षण, मग जाहिरात क्षेत्रात नोकरी, आणि १ जानेवारी २०१० रोजी पहिला चित्रपट, ‘नटरंग’. पहिल्याच चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पडद्यावर नाव येण्याआधी हा माणूस दिग्दर्शन शिकला तरी कुठे?

उत्तराचा मोठा भाग कागदावर आहे. जाहिरात चित्रित होण्याआधी तिचा स्टोरीबोर्ड काढतात, म्हणजे प्रत्येक शॉटचं एक चौकोनी चित्र. गंमत अशी की तो चौकोन काढताना कॅमेरा कुठे ठेवायचा, किती उंचीवर, उजेडात कोण आणि चौकटीबाहेर कोण, हे सगळं ठरून जातं. कॅमेरा भाड्याने यायच्या आधीच दिग्दर्शन सुरू झालेलं असतं!

सत्यजित राय यांचंही असंच. कलकत्त्यात डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत ते चित्रकार होते. ‘पथेर पांचाली’ची रीतसर पटकथा त्यांच्यापाशी नव्हती, होती ती चित्रांची वही. १९५२मध्ये काशफुलांच्या रानात त्यांनी चित्रीकरण सुरू केलं, पुढच्या खेपेला जाऊन बघतात तर गुरांनी काशफुलं फस्त केलेली. पुन्हा फुलोरा यायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं. चित्रपट १९५५ साली आला.

त्याही आधी दादासाहेब फाळके. जाधवांप्रमाणे तेही जे. जे.चे विद्यार्थी. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल हवं होतं आणि सिनेमा नावाच्या नव्या खुळावर पैसे लावायला कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वाढेपर्यंत थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर अंकुर बघता बघता मोठा झाला. ‘अंकुराची वाढ’ ही इवलीशी फिल्म पाहून भांडवलाची वाट मोकळी झाली आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आजची मुलं निर्मात्याला दाखवायला शॉर्ट फिल्म घेऊन जातात. ती वाट खुद्द फाळक्यांनी पाडलेली आहे.

पण चित्रं नुसती सुंदर असून भागत नाही, ती एकमेकांशेजारी कशी लागतात यावर खेळ ठरतो. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशॉव यांनी एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. तोच शॉट एकदा सूपच्या वाडग्याशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी, एकदा एका स्त्रीच्या चित्राशेजारी. बघणाऱ्यांना त्या चेहऱ्यावर भूक दिसली, दुःख दिसलं, अभिलाषाही दिसली. नट मात्र जागचा हलला नव्हता. भाव दोन शॉटच्या सांध्यात जन्मला होता, आणि तो जन्माला घातला प्रेक्षकाच्या मेंदूने!

‘नटरंग’मध्ये हा सांधा एका देहावर बसवलेला आहे. पीळदार अंगाचा गुणा तमाशात नाच्या होतो. त्यासाठी अतुल कुलकर्णी यांनी आधी शरीर कमावलं, मग उतरवलं. पहिला गुणा डोळ्यांत ठसलेला असतो, म्हणूनच दुसरा काळजाला लागतो.

आणखी एक गोष्ट नवख्यांनी ध्यानात ठेवावी. ‘बालगंधर्व’, ‘बालक-पालक’ आणि तुफान चाललेला ‘टाइमपास’ झाल्यावर जाधव शॉर्ट फिल्मकडे वळले. विजय तेंडुलकरांच्या कथेवरची त्यांची कृष्णधवल ‘मित्रा’ ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट लघुपट ठरली. तेव्हा शॉर्ट फिल्म ही नुसती पहिली पायरी आहे, हा समज सोडलेला बरा.

गोष्टीसाठी फार लांब जायलाही नको. निशिकांत कामत यांच्या पहिल्या चित्रपटाचा नायक होता लोकलने ये-जा करणारा बँकेतला नोकरदार, आणि २००५च्या त्या चित्रपटाचं नावच ‘डोंबिवली फास्ट’.

कल्याण-डोंबिवलीत किंवा ठाण्यात राहून दिग्दर्शक व्हायचं मनात असेल, तर कॅमेऱ्यासाठी अडून बसू नका. आज संध्याकाळी घरातल्या कोणाचा तरी निर्विकार चेहरा दहा सेकंद फोनवर टिपा. मग वड्याची बशी, बंद दाराचं कुलूप आणि रिकामी खुर्ची, असे तीन शॉट घ्या. चेहरा प्रत्येकाला आळीपाळीने जोडा आणि शेजाऱ्यांना दाखवून विचारा, काय दिसलं? तीन जोड्यांना तीन वेगळी उत्तरं आली, तर तुमचा पहिला धडा झाला.