भेक, साप आणि तोंडाचा आकार

गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या जंगलात पावसाळी रात्री खरखरीत कातडीचे भेक बाहेर पडतात. त्यांच्या डोळ्यांमागील फुगीर ग्रंथींत विष असते. हृदयाच्या पेशींतील सोडियम-पोटॅशियम पंप ते बंद पाडते. तरीही आपली धामण व दिवड भेक खातात. भेकांच्या सहवासात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या अनेक सापांत या पंपाचे प्रथिन थोडे बदललेले असते. विष त्याला नीट चिकटत नाही.

पण जेथे भेक कधी नव्हतेच, तेथे ते आले तर? ऑस्ट्रेलियात नेमके हेच घडले. उसावरील भुंगेरे खातील या आशेने १९३५ साली हवाई बेटांवरून 'केन टोड' ही भेकाची जात क्वीन्सलँडमध्ये आणली गेली. भुंगेरे राहिले, भेक मात्र पसरले आणि त्यांना गिळून साप मरू लागले.

साप भक्ष्य चावून खात नाही, अख्खे गिळतो. म्हणून डोके जेवढे मोठे, तेवढा मोठा भेक त्याच्या तोंडात मावतो. भेकाची लांबी दुप्पट झाली तर वजन सुमारे आठपट होते आणि त्याबरोबर विषही वाढते. उलट, सापाचे शरीर मोठे असेल तर तेवढेच विष त्याला कमी बाधते. म्हणजे मोठे शरीर व त्या मानाने लहान डोके असलेला साप वाचण्याची शक्यता अधिक.

बेन फिलिप्स व रिचर्ड शाइन यांनी संग्रहालयांतील साप मोजून २००४ साली हेच दाखवले. लाल पोटाचा काळा साप आणि हिरवा वृक्षसर्प या दोन जातींत, भेक येऊन जितका काळ लोटला तितके शरीर लांब आणि डोके त्या मानाने लहान आढळले. भेकांचा धोका कमी असलेल्या अन्य दोन जातींत असा कल दिसला नाही. त्यांपैकी एक आपल्या दिवडाची नातलग आहे. आशियाई पूर्वजांकडून आलेली विषसहनशक्ती तिच्यात आहे.

"सापांनी डोके लहान करून घेतले," असे विद्यार्थी म्हणतील. तेथे थांबून सांगावे: कोणत्याही सापाने स्वतःला बदलले नाही. मोठ्या डोक्याचे अधिक मेले, लहान डोक्याचे अधिक उरले आणि त्यांची पिल्ले त्यांच्यासारखी झाली. सत्तर वर्षांच्या आत निवडीचा परिणाम मोजता आला.

मात्र प्रत्येक ठिकाणी निवडीला एवढी सवड मिळेलच असे नाही. आपल्या अंगणात दिसणारा आशियाई भेक २०१४ साली मादागास्करमध्ये आढळला. तेथील बहुतेक सापांत ही सहनशक्ती नाही.