तुरुंगात छातीत दुखायला लागलं, तर गाडी कोण बोलावतं?

१५ डिसेंबर २०२४, रविवार. परभणी जिल्हा कारागृहात न्यायालयीन कोठडीत असलेल्या सोमनाथ सूर्यवंशी यांच्या छातीत दुखू लागलं, त्यांना सरकारी रुग्णालयात नेलं आणि तिथे डॉक्टरांनी मृत घोषित केलं. प्रशासनाकडून सुरुवातीला समोर आलेली माहिती साधारण एवढीच होती. सोमनाथ ३५ वर्षांचे होते, कायद्याचं शिक्षण घेत होते. परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यावर ११ डिसेंबरला बंद पाळला गेला, त्याला हिंसक वळण लागलं आणि नंतरच्या धरपकडीत त्यांना अटक झाली होती.

पुढचा घटनाक्रम बातम्यांमधून अनेकांना माहीत आहे. छत्रपती संभाजीनगरला झालेल्या शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे धक्का बसून मृत्यू झाल्याचं म्हटलं होतं. मारहाणीची तक्रार त्यांनी दंडाधिकाऱ्यांसमोर केली नव्हती, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात सांगितलं. आई उच्च न्यायालयात गेली. औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला.

मारहाण झाली का, कुणी केली, हे न्यायालय ठरवेल. पण या प्रकरणात आणखी एक प्रश्न आहे, ज्याची चर्चा कमी होते. कोठडीतल्या माणसाला त्रास सुरू झाल्यापासून तो दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत नेमकं काय काय घडावं लागतं?

साखळी कशी चालते?

घरात कुणाच्या छातीत कळ आली तर आपण १०८ लावतो किंवा शेजाऱ्याची गाडी काढतो. बंद्याला यातलं काहीच करता येत नाही. त्याने आधी पहारेकऱ्याला हाक मारायची. पहारेकऱ्याने वरिष्ठांना सांगायचं. मग कारागृहाचा वैद्यकीय अधिकारी तपासतो, तो हजर नसेल तर बोलावला जातो. 'बाहेर न्या' असं त्याने लिहिलं की अधीक्षकांची मंजुरी आणि वाहन लागतं. शेवटची कडी पोलीस गार्डची. कैद्याला तुरुंगाबाहेर नेताना बंदोबस्त बहुतेक वेळा जिल्हा पोलीस मुख्यालयाकडून येतो.

साखळी सगळ्यात जास्त अडते ती इथेच. निवडणूक, सण, मोर्चा असला की पोलीस बंदोबस्तात गुंतलेले असतात आणि कैद्याची दवाखान्याची तारीख पुढे ढकलली जाते. डोळे तपासायचे असतील तर आठवडाभर थांबता येतं, हृदयविकाराच्या झटक्यात तासभरही थांबता येत नाही. आणि धरपकड मोठी झाली की शहरात तणाव असतो, म्हणजे बंदी वाढतात त्याच दिवशी गार्ड कमी पडतात. हा विचित्र योग कुणी मुद्दाम जुळवत नाही, पण त्याची तयारी आधी करता येते.

तातडीच्या प्रसंगी रुग्णाला हलवण्यासाठी न्यायालयाच्या परवानगीची वाट पाहत बसायचं नसतं. आधी दवाखाना, मग न्यायालयाला कळवणं, हा क्रम आहे.

जिंतूरचं उदाहरण घ्या

जिंतूरला एखाद्याला अटक झाली तर तो आधी पोलीस ठाण्याच्या कोठडीत असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लवकरात लवकर त्याची वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होते. न्यायालयीन कोठडी मिळाल्यावर जिल्हा कारागृहात, म्हणजे परभणीला पाठवलं तर घरच्यांपासून तो चाळीसेक किलोमीटर दूर जातो. परभणीत उपचार शक्य नसले तर पुढे नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर. दुसरं अंतर सुमारे दोनशे किलोमीटरचं. तिथवर साध्या पोलीस व्हॅनमधून नेणं आणि ऑक्सिजन व डॉक्टर असलेल्या रुग्णवाहिकेतून नेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेली १०८ ची सेवा मोफत आहे. रुग्ण कैदी आहे म्हणून ती नाकारायचं कारण नाही.

कायदा काय सांगतो?

त्याच संहितेचं कलम ५६ छोटं आणि स्पष्ट आहे. आरोपी ज्याच्या ताब्यात आहे, त्याने त्याच्या आरोग्याची आणि सुरक्षिततेची वाजवी काळजी घेतली पाहिजे. ब्रिटिशांच्या १८९४ च्या कारागृह कायद्यातही आजारी दिसणाऱ्या बंद्याची माहिती विनाविलंब जेलरला द्यावी असं लिहिलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या 'मंडेला नियमां'नुसार तातडीच्या प्रसंगी लगेच उपचार मिळाले पाहिजेत आणि बाहेरच्या माणसाला मिळतात त्याच दर्जाचे मिळाले पाहिजेत. कोठडीत मृत्यू झाल्यास कलम १९६ खाली दंडाधिकाऱ्यांची चौकशी होते आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या धोरणात, वैद्यकीय हलगर्जीपणामुळे कैदी दगावल्यास वारसांना ५ लाख रुपयांची भरपाई आहे.

यातली बरीचशी तरतूद मृत्यू झाल्यानंतर कामाला येते, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

घरचे काय करू शकतात?

जुना आजार असेल तर अटक झाल्याच दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी, गोळ्यांची नावं आणि जुने रिपोर्ट वकिलामार्फत न्यायालयात द्यावेत आणि ते आदेशात नोंदवून घ्यावेत. 'साहेब, शुगर आहे' असं तोंडी सांगितलेलं पुढच्या पाळीच्या पहारेकऱ्यापर्यंत पोहोचत नाही, कागद पोहोचतो. तारखेला हजर केल्यावर आरोपी स्वतःही दंडाधिकाऱ्यांना त्रास सांगू शकतो. कारागृहात उपचार होत नसतील तर अधीक्षकांना लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि त्याच अर्जाची प्रत जोडून न्यायालयाकडे बाहेरच्या रुग्णालयाची मागणी करावी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. कोठडीतल्या व्यक्तीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे.