प्रथम स्वतःच्या देहावर

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ पसरली. ओडेसा येथे जन्मलेले जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात लसीचे संशोधन आरंभिले. प्लेगचे जंतू मांसरसात वाढवून त्यांनी ते उष्णतेने मारले. मृत जंतू रोग उत्पन्न करीत नाही. परंतु शरीर त्याला ओळखून घेते आणि पुढे जिवंत जंतू शिरताच त्याचा प्रतिकार करते. १० जानेवारी १८९७ रोजी ही लस त्यांनी प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले, हे स्मरले की या लसीचे मोल कळते.

१९०२ साली पंजाबातील मलकोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. वस्तुतः त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती, आणि ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. पुराव्यांच्या फेरतपासणीनंतर १९०७ साली ते दोषमुक्त झाले. १९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव मिळाले.

आरोप ऐकताच निवाडा न करता पुरावा तपासावा, हा धडा आमच्या विद्यार्थ्यांनी घ्यावा, अशी आम्ही अपेक्षा करतो.