खोडदचे अदृश्य सेवक

जुन्नर तालुक्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेची विशाल रेडिओ-दुर्बीण आहे, हें वाचकांस ठाऊक असेलच. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेंतून ती साकार झाली. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पाहावयास लोक हौसेनें जातात. आमचें लक्ष मात्र त्यांच्यामागें चालणाऱ्या, कोणास न दिसणाऱ्या कामाकडे आहे.

तीस तबकड्यांच्या जोड्या ४३५ होतात. प्रत्येक जोडींतील दोन्ही संकेत क्षणोक्षणीं एकमेकांशीं ताडून पाहावे लागतात. पूर्वीं हें खास घडविलेलीं यंत्रें करीत. २०१० च्या सुमारास तें लिनक्स-संगणकांच्या समूहाकडे आलें. अशा समूहांतील प्रत्येक संगणकापुढें पडदा मांडून कोणी बसत नसतो. प्रोग्राम चालतो, पण त्याची खिडकी कोठेंच उघडत नाहीं.

आपल्या घरीं खिडकी मिटली कीं बहुधा काम संपतें. लिनक्सवरही, ज्या टर्मिनलवरून प्रोग्राम सुरू केला तें बंद होतांच तो सामान्यतः मरतो. म्हणून त्यास टर्मिनलपासून तोडून मोकळा करावा लागतो. मौज अशी, कीं जन्मदाता प्रोग्राम आधीं संपला, तर पोरक्याचें पालकत्व सहसा क्रमांक १ चा प्रोग्राम घेतो. एकत्र कुटुंबांतील वाचकांस ही रीत परकी वाटूं नये! अशा सेवकास ‘डीमन’ म्हणतात. हें नांव १९६३ च्या सुमारास एम.आय.टी.च्या मंडळींनीं, मॅक्सवेलनें कल्पिलेल्या व अविश्रांत रेणू निवडणाऱ्या जीवावरून दिलें. भुताखेतांशीं त्याचा संबंध नाहीं, हें वडीलधाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

खरी अडचण निराळीच आहे. खिडकी नसलेला सेवक बंद पडला, तर तक्रार करण्यास त्याला तोंड नसतें. दुर्बिणीचा वेळ शास्त्रज्ञांना अर्ज करून, मोजून मिळतो. गेलेली रात्र परत येत नाहीं. म्हणून असा प्रोग्राम आपल्या प्रत्येक पावलाची नोंद फाइलींत लिहीत राहील, अशी व्यवस्था ठेवावी लागते.

घरच्या संगणकावर छायाचित्रांच्या प्रती काढणारा प्रोग्राम असाच मुकाट्यानें थांबतो, आणि तें कळतें डिस्क बिघडल्यावर. उलट, नको तो प्रोग्रामही याच मार्गानें लपून राहूं शकतो. विंडोजमध्यें कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. महिन्यांतून एकदां तेथील यादी चाळावी, अनोळखी नांवाची घरांतील जाणत्या मुलांकडे चौकशी करावी, आणि छायाचित्रांची शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे तेंही पाहून ठेवावें.