ऑनलाइन बाजारपेठेतील उत्पादन विक्री : आव्हाने आणि धोरणे (कोल्हापुरी चपलेच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

१९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर भारतीय बाजारपेठेचे स्वरूप झपाट्याने बदलले. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मुळे इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना कायदेशीर मान्यता मिळाली आणि ई-वाणिज्याचा पाया घातला गेला. २००७ मध्ये फ्लिपकार्टची स्थापना झाली, जून २०१३ मध्ये ॲमेझॉनने भारतात आपली बाजारपेठ सुरू केली, तर २०१५ मध्ये मीशोचा उदय झाला. २०१६ पासून युपीआय प्रणालीमुळे पैसे देण्याघेण्याची अडचण बरीच कमी झाली. परिणामी 'दुकान' या संकल्पनेचा अर्थच बदलला.

मोठ्या उद्योगांनी हा बदल सहज आत्मसात केला. लहान उत्पादक, कारागीर आणि बचत गट यांच्यासाठी मात्र तो तितका सोपा ठरलेला नाही. ऑनलाइन बाजारपेठ लहान उत्पादकाला देशभराचे ग्राहक मिळवून देते, असे सामान्यतः सांगितले जाते. हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. ग्राहक मिळणे आणि त्या व्यवहारातून उत्पादकाच्या हाती काही उरणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात कोल्हापुरी चपलेचे उदाहरण घेऊन या दोहोंमधील अंतर आणि ते कमी करण्याचे मार्ग यांचे विवेचन केले आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) ऑनलाइन बाजारपेठेचे स्वरूप व तिची कायदेशीर चौकट स्पष्ट करणे.
२) लहान उत्पादकासमोरील आव्हानांचे विश्लेषण करणे.
३) विक्रीसाठी व्यवहार्य धोरणे सुचवणे.

प्रस्तुत विवेचन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचे असून ते कायदे, शासकीय अधिसूचना व प्रकाशित माहितीवर आधारलेले आहे. खर्चाची आकडेमोड केवळ उदाहरणादाखल दिली आहे.

ऑनलाइन बाजारपेठ : स्वरूप

ई-वाणिज्याचे दोन प्रमुख प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात कंपनी स्वतः माल विकत घेते, साठवते आणि विकते. दुसऱ्या प्रकारात कंपनी केवळ विक्रेता व ग्राहक यांची गाठ घालून देते. माल विक्रेत्याचा असतो. हा दुसरा प्रकार म्हणजे ऑनलाइन बाजारपेठ होय. भारतात थेट परकीय गुंतवणुकीला बाजारपेठ प्रकारात १०० टक्के मुभा आहे, मालसाठा प्रकारात ती नाही. डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर झालेल्या आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनी, ज्या विक्रेता संस्थेत बाजारपेठ कंपनीचे भागभांडवल आहे तिला त्याच बाजारपेठेवर माल विकण्यास मनाई केली. लहान विक्रेत्यांना समान संधी मिळावी हा त्यामागील हेतू होता.

गावच्या आठवडी बाजाराशी तुलना केल्यास हे स्वरूप अधिक स्पष्ट होते. आठवडी बाजारात विक्रेता जागेचे भाडे भरतो, पण कोणाचा माल गिऱ्हाइकाने आधी पाहावा हे बाजाराचा ठेकेदार ठरवत नाही. ऑनलाइन बाजारपेठेत मात्र जागा, मालाचा क्रम, वाहतूक, पैशांची वसुली आणि तक्रारीचा निवाडा या सर्वांवर एकाच संस्थेचे नियंत्रण असते. लहान उत्पादकाच्या बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

कोल्हापुरी चप्पल : पार्श्वभूमी

कोल्हापुरी चप्पल हे हाताने घडवलेले पादत्राण आहे. बाभळीची साल व हिरडा यांसारख्या वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेले चामडे त्यासाठी वापरले जाते आणि शिवणीसाठी चामड्याचीच वादी वापरतात. परंपरेने कातडी कमावण्याचे काम ढोर समाजाने, तर चप्पल घडवण्याचे काम चर्मकार समाजाने केले. पट्ट्यावरील वेणी व नक्षीच्या कामात स्त्रियांचा वाटा मोठा असतो. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात या व्यवसायाला विशेष प्रोत्साहन मिळाले. कापशी, पुकारी, बक्कलनाळी हे तिचे परिचित प्रकार आहेत.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या कक्षेत महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर असे एकूण आठ जिल्हे येतात. महाराष्ट्रातील लिडकॉम म्हणजे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकातील लिडकर या दोन संस्था मानांकनाच्या नोंदणीकृत धारक आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरीशी साम्य असलेली पादत्राणे मूळ परंपरेचा उल्लेख न करता सादर केली. त्यावर झालेल्या टीकेनंतर कंपनीने भारतीय परंपरेचे ऋण मान्य केले. या घटनेतून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. 'कोल्हापुरी' या नावाला जगाच्या बाजारात किंमत आहे. प्रश्न असा की ती किंमत कोणाच्या पदरात पडते.

ऑनलाइन विक्रीतील प्रमुख आव्हाने :

१) नावाचा गैरवापर : शोधपट्टीत 'कोल्हापुरी' हा शब्द टाइप केल्यास खऱ्या चामडी चपलांबरोबर कृत्रिम चामड्याच्या, यंत्रावर तयार झालेल्या चपलाही समोर येतात. छायाचित्रात दोन्ही सारख्याच दिसतात, किमतीत मात्र मोठी तफावत असते. कोल्हापुरातील चप्पल लाईनमध्ये ग्राहक चप्पल हातात घेतो, तिचे वजन, वास व चामड्याचा पोत तपासतो. पडद्यावर यांपैकी काहीच शक्य नसते. त्यामुळे केवळ किंमत हाच निवडीचा निकष उरतो आणि अस्सल माल महाग म्हणून मागे पडतो.

२) मापाची समस्या आणि परतावा : कोल्हापुरी चप्पल सुरुवातीला घट्ट बसते, वापरानंतर चामडे सैल होते आणि ती पायाच्या ठेवणीनुसार आकार घेते. हा तिचा गुण आहे. परंतु ही बाब ठाऊक नसलेला ग्राहक 'माप चुकले' असे समजून माल परत करतो. हाताने घडवलेल्या दोन जोडांच्या रंगछटेत किंचित फरक असतो, त्यालाही दोष मानले जाते.

३) खर्चाचे अदृश्य घटक : समजा, एका जोडाची करवगळता विक्री किंमत १,००० रुपये आहे. चामडे व मजुरी ६०० रुपये, वेष्टन ३० रुपये, बाजारपेठेचे सर्व शुल्क १८० रुपये आणि वाहतूक ७० रुपये धरल्यास विक्रेत्याकडे १२० रुपये उरतात. माल परत आल्यास, बाजारपेठेने शुल्क माफ केले तरी जाण्याची वाहतूक ७०, येण्याची वाहतूक ९० आणि वेष्टन ३० असे १९० रुपये वाया जातात. दहा जोड पाठवले आणि दोन परत आले, तर आठ जोडांचे ९६० रुपये वजा ३८० रुपये, म्हणजे ५८० रुपये उरतात. परत आलेल्या दोनपैकी एक जोड खराब होऊन विकण्यायोग्य राहिला नाही, तर आणखी ६०० रुपये जातात आणि संपूर्ण व्यवहार २० रुपये तोट्यात येतो. आठ ग्राहक समाधानी असूनही कारागिराच्या हाती काहीच लागत नाही.

४) सवलतीचा दबाव : उत्सवकाळात बाजारपेठा सवलतीचा आग्रह धरतात. वरील उदाहरणात १० टक्के सवलत दिल्यास किंमत ९०० रुपये होते. शुल्क किमतीच्या १८ टक्के धरल्यास ते १६२ रुपये होते आणि शिल्लक केवळ ३८ रुपये राहते. पूर्वी दहा जोडांवर मिळणारे १,२०० रुपये मिळवण्यासाठी आता ३२ जोड विकावे लागतील. कारखानदार यंत्राचा वेग वाढवून ही तूट भरून काढू शकतो. कारागिराला मात्र दोनच हात असतात. म्हणून 'कमी नफा, जास्त विक्री' हे सूत्र हस्तव्यवसायाला लागू पडत नाही.

५) करविषयक गुंतागुंत : वस्तू व सेवा करात मालाच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही; तथापि ऑनलाइन बाजारपेठेवर विकणाऱ्यास पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी आवश्यक होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना नावनोंदणी क्रमांकावर विक्रीची मुभा मिळाली, परंतु ती राज्यांतर्गत विक्रीपुरतीच आहे. म्हणजे नोंदणी नसलेला कोल्हापूरचा कारागीर पुणे-मुंबईच्या ग्राहकाला माल पाठवू शकतो, बंगळुरूच्या ग्राहकाला नाही. शिवाय बाजारपेठेच्या शुल्कावर भरलेल्या कराची वजावट नोंदणी नसलेल्याला मिळत नाही. नोंदणीकृत विक्रेत्याच्या रकमेतून बाजारपेठ उगमस्थानी कर गोळा करते. १० जुलै २०२४ पासून त्याचा दर १ टक्क्यावरून ०.५ टक्के झाला. ही रक्कम पुढे जमा मिळते, पण तोवर खेळते भांडवल अडकते.

६) दृश्यमानता व भाषा : शोधात कोणाचा माल वर दिसावा हे गणनविधी ठरवतो. जुनी विक्री, ग्राहकांचे अभिप्राय आणि जाहिरातीवरील खर्च यांना त्यात महत्त्व असल्याने नवा विक्रेता आपोआप मागे राहतो. अटी-शर्ती बहुधा इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमात शिकलेल्या कारागिराला त्या समजून घेण्यासाठी मध्यस्थावर अवलंबून राहावे लागते. जुन्या अडत्याच्या जागी नवा अडत्या येतो, एवढाच काय तो फरक.

विक्रीसाठी धोरणे :

१) परतावा कमी करणे हेच प्रथम धोरण : वरील उदाहरणात दहापैकी दोनऐवजी एकच जोड परत आला, तर शिल्लक ५८० वरून ८९० रुपयांवर जाते. एक परतावा टाळणे म्हणजे ३१० रुपये वाचवणे होय. तेवढ्यासाठी जवळजवळ तीन जोड अधिक विकावे लागले असते. म्हणून पाऊल कागदावर ठेवून सेंटिमीटरमध्ये मोजण्याची सोपी रीत, 'सुरुवातीला घट्ट वाटेल' ही सूचना आणि पावसाळ्यात न वापरण्याचा व तेल लावण्याचा सल्ला उत्पादनाच्या पानावरच द्यावा. उणीव लपवण्यापेक्षा वैशिष्ट्य म्हणून समजावून सांगणे अधिक फायद्याचे ठरते.

२) अस्सलपणाचा पुरावा : भौगोलिक मानांकन केवळ संस्थेच्या नावे असून भागत नाही, प्रत्येक उत्पादकाने स्वतंत्रपणे 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी करणे आवश्यक असते. तो क्रमांक, चामडे कमावण्याची माहिती आणि तळ, शिवण व वेणी यांची जवळून घेतलेली छायाचित्रे पानावर द्यावीत. लिडकॉमने २०२५ मध्ये चपलांसाठी क्यूआर सांकेतांकाची योजना आणली. पडद्यावर हात लावून पाहता येत नाही, ती उणीव अशा साधनांनी काही अंशी भरून निघू शकते.

३) किंमत-धोरण : किंमत ठरवताना अपेक्षित परताव्याचा खर्च त्यात धरावा. सर्व प्रकारांवर सवलत देण्याऐवजी ठरावीक प्रकारच सवलतीसाठी ठेवावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्यामुळे मध्यम किमतीच्या अस्सल चपलेला पूर्वीपेक्षा अधिक वाव मिळाला आहे.

४) सामूहिक विक्री : एकट्या कारागिराला छायाचित्रण, वेष्टन, करविवरण व ग्राहकसंवाद ही सर्व कामे करणे शक्य नसते. सहकारी संस्था, उत्पादक कंपनी किंवा बचत गटांचा संघ स्थापून एकाच विक्रेता खात्यामार्फत विक्री केल्यास खर्च विभागला जातो, आंतरराज्य विक्रीसाठी नोंदणी परवडते आणि शुल्काबाबत वाटाघाटी करता येतात. सहकाराची परंपरा असलेल्या कोल्हापूर जिल्ह्याला हा मार्ग अपरिचित नाही.

५) एकाच बाजारपेठेवर विसंबून न राहणे : शासकीय पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेले ओएनडीसी हे खुले जाळे विक्रेत्याला एका ठिकाणी नोंदणी करून अनेक उपयोजनांवरील ग्राहकांपर्यंत पोहोचण्याची सोय देते. ओळखीच्या जुन्या ग्राहकांसाठी व्हॉट्सॲपवरील थेट विक्री व प्रदर्शने हे मार्गही चालू ठेवावेत.

६) हक्कांची जाणीव : ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार मालाचा क्रम ठरवणारे मुख्य निकष बाजारपेठेने स्पष्ट करणे बंधनकारक आहे. त्याच नियमांनुसार सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेणे विक्रेत्याला नाकारता येत नाही. म्हणून विक्रेत्याने पाठवलेल्या मालाचे चित्रीकरण व नोंदी जपून ठेवाव्यात. वाद उद्भवल्यास त्याच उपयोगी पडतात.

महाविद्यालयांची भूमिका :

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने क्षेत्रीय प्रकल्प व कार्यानुभवाला महत्त्व दिले आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी परिसरातील एका कारागिराचा वर्षभराचा ऑनलाइन हिशेब मांडून दिला, भाषा विभागाने उत्पादनाचे वर्णन शुद्ध मराठी, हिंदी व इंग्रजीत लिहून दिले, तर अध्यापन आणि समाजोपयोगी कार्य दोन्ही साधतील. बहुतेक कारागिरांकडे वस्तू असते, कसब असते. नसतो तो परताव्यासह मांडलेला हिशेब.

निष्कर्ष :

१) ऑनलाइन बाजारपेठेमुळे ग्राहकवर्ग विस्तारतो, मात्र उत्पन्न त्या प्रमाणात वाढतेच असे नाही.
२) हस्तनिर्मित उत्पादनाच्या बाबतीत परतावा हा नफा-तोट्याचा निर्णायक घटक ठरतो.
३) सवलतीवर आधारित स्पर्धा कारागिराच्या हिताची नसते, अस्सलपणावर आधारित स्पर्धा त्याला टिकवू शकते.
४) वैयक्तिक प्रयत्नांपेक्षा सामूहिक विक्री अधिक व्यवहार्य आहे.

समारोप :

तंत्रज्ञानाने कारागीर व ग्राहक यांच्यातील भौगोलिक अंतर पुसले आहे, परंतु माहितीचे अंतर अद्याप कायम आहे. ग्राहकाला चप्पल कशी घडते हे ठाऊक नाही आणि कारागिराला आपला नफा कोठे गळतो हे ठाऊक नाही. ही दोन्ही अंतरे कमी झाली तरच 'कोल्हापुरी' या नावाची किंमत ते नाव घडवणाऱ्या हातांपर्यंत पोहोचेल. अन्यथा बाजार वाढत जाईल, आणि कारागिराची पुढची पिढी मात्र हा व्यवसाय सोडून जाईल.