सांध्यातला रक्तस्राव आणि मनातली धास्ती

हिमोफिलियात रक्त गोठवणारा फॅक्टर ८ किंवा ९ कमी असतो. बाहेरच्या जखमेपेक्षा खरा छळ सांध्यांतल्या रक्तस्रावाचा. आधी गुडघ्यात मुंग्या आल्यासारखं होतं, मग तो गरम होऊन सुजतो. असं वारंवार झालं की कूर्चा झिजते आणि ऐन तिशीत जिना चढणं जड जातं. वेदना कुणाला दिसत नाही, म्हणून ऑफिसात कामचुकारपणाचा शिक्का बसतो. आजार सांगावा की लपवावा, लग्नाचं कसं, या विचारांनी झोप उडते. यातून येणारं नैराश्य हा स्वभावदोष मुळीच नव्हे; उपचारांत समुपदेशन हवंच. नियमित फॅक्टर, किंवा ‘ए’ प्रकारात (म्हणजे फॅक्टर ८ कमी असताना) एमिसिझुमॅब हे औषध, मिळालं की रक्तस्राव घटतात, धीरही वाढतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज जरूर करा.